वॉल्टर व्हाइटची बाजू नेमकी कुठे सोडायची?

बर्डीवाला

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, या धाग्यात 'ब्रेकिंग बॅड'चा शेवट फुटणार आहे. मालिका २००८ ला सुरू झाली, २०१३ ला संपली, पाच सीझन, ६२ भाग. त्यातला वॉल्टर व्हाइट हा शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर. कॅन्सर कळल्यावर घरच्यांसाठी म्हणून जेसी या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथॅम्फेटामाइन हे ड्रग बनवून विकायला लागतो. अजून पाहिली नसेल तर आधी पाहून या, मग मला शिव्या घालू नका.

झालं असं की ऑफिसात डबे उघडल्या उघडल्या याच्यावरून जुंपली. बहुतेकांचं म्हणणं एकच. "बिचारा वॉल्टर! फुप्फुसाचा कॅन्सर, शाळामास्तराचा पगार, बायकोला दिवस गेलेले, मुलाला सेरेब्रल पाल्सी. माणूस करणार काय?" मी बँकेत कर्जाच्या फायली तपासतो. त्या खुर्चीत बसून एक खोड लागते, कहाणी ऐकायच्या आधी आकडे पाहायचे. तर वॉल्टरचे आकडे पाहू. माझे नाहीत, त्यानेच दिलेले.

दुसऱ्या सीझनचा पहिला भाग. भंगाराच्या आवारात त्यांचा माल घेणाऱ्या टुकोने स्वतःच्याच माणसाला ठोशांनी लोळवलंय, आणि आपले सर तिथेच उभे राहून तोंडी बेरीज करतात. दोन मुलांचं कॉलेज, महागाई धरून वर्षाला ४५ हजार डॉलर, चार-चार वर्षं, झाले ३ लाख ६० हजार. घराचं उरलेलं कर्ज १ लाख ७ हजार, घरावर काढलेलं दुसरं ३० हजार. घरखर्च महिन्याला दोन हजार, दहा वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३७ हजार. आणखी अकरा सौदे, की संपलं. खरं सांगतो, इतका स्वच्छ अर्ज माझ्या टेबलावर क्वचित येतो. त्यात नवी गाडी नाही की परदेशवारी नाही.

आता पाचवा सीझन. माल विकून मोकळं व्हायची संधी येते, वाट्याला ५० लाख डॉलर. मूळ गरजेच्या जवळपास सातपट. साहेब नाही म्हणतात. कारण जेसीला सांगतात ते असं: तरुणपणी मित्राबरोबर काढलेल्या 'ग्रे मॅटर' कंपनीतला हिस्सा त्यांनी ५ हजार डॉलरला सोडला, आज ती कंपनी २.१६ अब्जांची आहे, आणि हा आकडा ते दर आठवड्याला उघडून पाहतात. दर आठवड्याला! मुलांच्या फीसाठी घाम गाळणारा माणूस दुसऱ्याच्या कंपनीचा भाव दर आठवड्याला पाहत नाही.

पण माझ्या मते त्याची बाजू सोडायची जागा याच्या फार आधी येते. पहिला सीझन, पाचवा भाग. तोच जुना भागीदार एलियट नोकरी देऊ करतो, उपचाराचा सगळा खर्च उचलायला तयार होतो. वॉल्टर नकार देतो, आणि पुढे बायकोला मात्र बिनदिक्कत सांगतो की पैसे एलियटच भरतोय. तोपर्यंत परिस्थिती होती. त्यानंतर सगळी त्याची मर्जी.

तुम्ही कुठे सोडली, ते लिहा.

तर्रीपोहे

अबे भाऊ, तुम्ही तं सिरीयललेही एनपीए, बुडीत कर्ज करून टाकलं!

मी सांगू का, मी त्याची बाजू सोडलीच नाही. मले दिसून राहिलं होतं का हा दिवसेंदिवस नालायक होऊन राहिला. पण त्याचा साडू हँक, ड्रगवाल्यांले पकडणारा अधिकारी, त्याच्या बाथरूममध्ये बसल्या बसल्या एक पुस्तक उघडते अन् त्याले सारं समजते, तेव्हा माह्या पोटात गोळा आला तो वॉल्टरसाठी. हँकसाठी नाही. आता मी काही एमडी ड्रग विकत नाही, सिग्नलही तोडत नाही (शंकरनगर चौक सोडून). मग हे काऊन झालं असेल? कारण पहिल्या भागापासून कॅमेरा त्याच्याच खांद्यावर आहे. ज्याच्या घरात जेवलो त्याच्याच बाजूने बोलाव लागते. बाकी तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण सिरीयल पाहाले बसलेला माणूस ऑडिट कराले बसत नाही ना जी.

धरमपेठची_मावशी

बर्डीवाला, पाचवा भाग बरोबर पकडलात. पण तिथे तुम्हाला त्याचा राग आला, मला भीती वाटली, कारण तो माणूस मी घरात पाहिलेला आहे.

आमच्या नात्यातले एक गृहस्थ. नाव-गाव राहू द्या. आजार कळला तेव्हा पुण्याचा सख्खा भाऊ दोनदा म्हणाला, "मी भरतो, नंतर पाहू." यांनी फोन ठेवून दिला. मग मानेवाड्याकडचा प्लॉट गेला, तो बायकोच्या माहेरच्या पैशातून घेतलेला. मग तिच्या पाटल्या गेल्या. सराफाकडे ती एकटी गेली, कारण यांना इतवारीत कोणी पाहिलं असतं तर? पुढे तेरवीला आलेला प्रत्येक जण तिच्यासमोर बसून म्हणत होता, "मोठा स्वाभिमानी माणूस, कोणापुढे हात पसरला नाही." ती ऐकत होती, अंगठीवाचून, बांगडीवाचून. नंतर पाच वर्षं तिने घरी शिकवण्या घेतल्या.

म्हणून एलियटला नाही म्हणणारा वॉल्टर पाहून आपल्याकडची माणसं चटकन भारावतात. आपल्याला तो ताठ कणा लहानपणापासून दाखवलेला असतो. बिल कोणाच्या नावावर फाटतं, ते कोणी दाखवत नाही. वॉल्टरच्या घरात ते त्याच्या बायकोच्या, स्कायलरच्या नावावर फाटलं.

कोराडीचा_धूर

सगळेच माणसाच्या मागे लागलेत, व्यवस्थेचं काय? रसायनशास्त्रातला हुशार माणूस शाळेत शिकवतो, दुपारी कार वॉशमध्ये लोकांच्या गाड्या पुसतो आणि तरीही आजारपणात घर विकायची वेळ येते. हे अमेरिकेत. आपल्याकडे निदान मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल आहे, फुले योजना आहे, रांगेत उभं राहायची तयारी असली की काहीतरी होतं. मालिकेचा कर्ता गिलिगन, त्याने ती नागपुरात बेतली असती तर दुसऱ्या भागात मास्तर केसपेपर काढून आले असते आणि गोष्ट संपली असती.

बर्डीवाला

@कोराडीचा_धूर, हसलो. पण व्यवस्थेवरचा सगळा दोष पाचव्या भागापर्यंतच चालतो. शिवाय त्याच व्यवस्थेत त्याच्यासारखे हजारो मास्तर असतील, त्यांनी काय केलं असेल? कर्ज काढलं असेल, नातेवाइकांकडे मागितलं असेल.

रसायनवाला

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे विद्यार्थी मला दरवर्षी 'हायझेनबर्ग सर' (वॉल्टरचं धंद्यातलं टोपणनाव) म्हणून झाल्यावर मगच पुढचा धडा उघडतात. म्हणून दोन गोष्टी आधी मिटवतो. मृतदेह आम्लात विरघळवायचा बाथटबचा प्रसंग: हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेला आणि चिनीमातीला खातं, विशिष्ट प्लास्टिकला खात नाही, एवढं बरोबर. मृतदेहासकट छत कोसळणं हे पटकथेचं रसायन. आणि वॉल्टरच्या मालाचा तो निळा रंग हा निव्वळ सजावटीचा. पदार्थ शुद्ध होत गेला की निळा होत नाही, रंग जातो.

आता मुद्द्याचं. मास्तर म्हणून मला जो प्रसंग सर्वांत खुपतो त्यात खून नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी शहरावर दोन विमानं एकमेकांवर आदळतात, १६७ माणसं जातात. त्याची साखळी वॉल्टरपाशी येते. जेसीची मैत्रीण जेन नशेत डोळ्यांसमोर गुदमरत असताना हा हलला नाही, तिचा बाप विमान वाहतूक नियंत्रक, मुलगी गेल्यावर तो तसाच कामावर परतला आणि त्याच्या चुकीने विमानं भिडली. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला शाळेच्या हॉलमध्ये सगळी मुलं जमलेली, काही रडताहेत. मास्तर माइक हातात घेतात. आणि सांगतात की हा अपघात जगातल्या विमान अपघातांच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकावर येतो, तोही बरोबरीत. टेनेरिफच्या विमान अपघातात तर केवढे मेले होते! मुलं बघतच राहतात.

त्या भाषणात एकही शब्द खोटा नाही. वर्गात आम्ही रोज हेच करतो, घाबरलेल्या मुलाला आकडा देऊन शांत करतो. इथे मास्तर मुलांना शांत करत नव्हते, स्वतःला करत होते. माझ्यासाठी वॉल्टर तिथे संपला.

त्याच्यासारखी हुशारी वाया गेलेली माणसं स्टाफरूममध्ये मी रोज पाहतो, हेही सांगतो. ज्याला शिकवलं तो क्लास काढून नंदनवनला तीन मजली इमारत बांधतो, आणि सर अजून ग्रेड पेच्या फरकाचा अर्ज भरताहेत. हेवा वाटतो. वाटू दे. हेव्याने माणूस चिडचिडा होतो, खवचट होतो, सत्काराला जात नाही. माणूस मारायला त्याच्यापुढे बरंच काही लागतं, आणि मालिकेचं कसब हे की ते 'बरंच काही' ती चिमूटचिमूट घालते.

तर्रीपोहे

सर, ते पन्नासावा नंबरवालं मी विसरूनच गेलो होतो. भल्लाच बेकार सीन आहे तो.

काळाकोट

रसायनवाला सरांनी जेनचा विषय काढलाच आहे तर वकिलाची फी न घेता दोन शब्द.

लोक म्हणतात, "त्याने मारलं नाही, फक्त वाचवलं नाही." आपल्या फौजदारी कायद्यात न वाचवणं हा आपोआप गुन्हा होत नाही. तुम्ही कायद्याने बांधील असावं लागतं, जसा बाप लेकराला, जेलर कैद्याला. रस्त्यावरचा तिऱ्हाईत नाही. तेव्हा वरवर पाहता वॉल्टर सुटतो. पण प्रसंग पुन्हा नीट पाहा. जेन कुशीवर झोपली होती. वॉल्टर जेसीला उठवायला गदागदा हलवतो, त्या धक्क्यात ती उताणी होते. उलटी त्यानंतर. धोका ज्याच्या हाताने उभा राहिला त्याचं हात बांधून बघत राहणं, आणि खिडकीतून दिसलं म्हणून शेजाऱ्याचं बघत राहणं, यांत कोर्टात मोठा वाद घालता येईल. सरकार पक्षाकडून उभं राहायला मला आवडेल. वॉल्टर पुढे हात करतो, थांबतो, मग डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी बचाव पक्ष शंभर वेळा दाखवेल.

आणि 'गरजेपुरतं करून थांबणार होता' म्हणणाऱ्यांसाठी: आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात मेथॅम्फेटामाइनची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅमपासून सुरू होते. त्याच्या पुढे किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि कलम ३७ मुळे जामीन मिळता मिळत नाही. हा गृहस्थ पौंडात माल मोजायचा. पहिल्याच आठवड्यात आत असता.

कोराडीचा_धूर

वकीलसाहेब, कायद्याचं नागपूरकरांना नका सांगू. १३ ऑगस्ट २००४ विसरलात? गुंड अक्कू यादवला कस्तुरबानगरच्या बायकांनी भर कोर्टात संपवलं, मिरची पूड आणि जे हाती आलं ते घेऊन. खटल्यातले आरोपी पुढे पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना या शहराने खलनायक म्हटलं नाही. मग वॉल्टरने क्रेझी-८ या ड्रगवाल्याला, त्या धंद्यातल्या बड्या गसला संपवलं तर एवढा काथ्याकूट कशाला? तेही काही साधुसंत नव्हते.

संपादक

सूचना: या प्रकरणावर लिहायला हरकत नाही, पण त्यातल्या स्त्रियांची नावं किंवा वस्तीतले पत्ते कोणीही टाकू नयेत. टाकल्यास प्रतिसाद उडेल.

धरमपेठची_मावशी

कोराडीचा_धूर, हे जोडू नका हो.

त्या वस्तीच्या बायकांनी वर्षानुवर्षं सोसलं, तक्रारी करून झाल्या, आणि तो जामिनावर बाहेर येणार या धास्तीने त्या कोर्टात पोचल्या. ते बरोबर की चूक यावर मी आजही रात्रभर भांडू शकते, दोन्ही बाजूंनी. पण त्यांच्याकडे एलियट नव्हता. पन्नास लाख घे आणि थांब असं म्हणायला कोणी आलं नव्हतं. आणि काम झाल्यावर त्यांनी अक्कूची गादी चालवायला घेतली नाही. वॉल्टरने गसला उडवलं, आणि पुढच्या सीझनला गसच्याच जागी जाऊन बसला.

नंदनवन_एक्स्प्रेस

इथे इतके प्रतिसाद झाले आणि स्कायलरवर फक्त मावशींचं एक वाक्य. माझ्या हॉस्टेलमध्ये ही मालिका पेनड्राइव्हवरून फिरली तेव्हा मुलं वॉल्टरच्या टोपीचे डीपी लावायची आणि स्कायलरला 'कटकटी' म्हणायची. हे फक्त आपल्याकडे नाही. स्कायलर साकारणाऱ्या ॲना गनने स्वतः ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता, भूमिकेचा द्वेष करता करता लोक तिच्यावरच कसे घसरले यावर.

तिचा गुन्हा काय? नवरा रात्र-रात्र गायब, दोन फोन बाळगतो, विचारलं तर खोटं बोलतो. ती प्रश्न विचारते. हेच हँकने केलं की तो चांगला तपास अधिकारी.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर म्हणाल बाई बाईची बाजू घेते. स्कायलरही निर्मळ राहत नाही. तिच्या साहेबाच्या, टेडच्या खात्यातली लबाडी तिला माहीत होती, पुढे कार वॉशमधून काळा पैसा पांढरा करायची सगळी मांडणी तिची, आणि ती त्यात वॉल्टरपेक्षा सरस होती. मला मालिकेतली खरी गुंतागुंत तिच्यात दिसते. वॉल्टरला प्रत्येक वळणावर बाहेरचा रस्ता होता. तिच्याकडे तान्ही मुलगी, अपंग मुलगा आणि ज्याला पोलिसांत दिलं तर पोराच्या मनातला बाप मरतो असा नवरा. तिने केलेलं चूकच आहे, पण तिच्या जागी मी काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही. वॉल्टरच्या जागी काय केलं असतं ते लगेच सांगता येतं: एलियटला फोन.

तर्रीपोहे

ताई, टोपीचा डीपी मीही लावला होता, काढला आता. पण एक सांगा, टोनी सोप्रानोले लोक इतकं काऊन नाही झोडपत? तोही तं घरच्यांवर प्रेम करते अन् बाहेर माणसं मारते.

बर्डीवाला

@तर्रीपोहे, 'द सोप्रानोज' आधीची, १९९९ ते २००७. तिथेही पाचवाच भाग बघ, गंमत आहे. मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन गेलेला बाप वाटेत जुना खबऱ्या दिसतो म्हणून त्याला वायरने गळा आवळून मारतो, आणि परत येऊन मुलीला गाडीत बसवतो. पण टोनी पहिल्या मिनिटापासून गुंड आहे, तो आपल्याला फसवत नाही. वॉल्टर आपल्यातून उठून गेलाय. म्हणून त्याच्याकडे हिशेब मागावासा वाटतो.

रसायनवाला

वॉल्टरशी तुलना करायचीच तर टोनीच्या न्यू जर्सीपर्यंत कशाला जाता, त्याच्या साडूकडे पाहा. हँक सुरुवातीला बडबड्या, थिल्लर विनोद करणारा, आपल्याला नकोसा वाटणारा. तिसऱ्या सीझनमध्ये रागाच्या भरात तो जेसीला बेदम मारतो. वाचायला सोपा मार्ग होता, स्वसंरक्षण म्हणायचं. सहकारी सांभाळून घ्यायला तयार होते. तो मात्र जे केलं ते जसंच्या तसं लिहून देतो, निलंबन घेतो, पिस्तूल जमा करतो. आणि त्याच दिवशी पार्किंगमध्ये मारेकऱ्यांना बिनहत्यारी सापडतो.

एकाच कुटुंबातले दोन पुरुष. दोघांनी हात उचलला. एकाने सही केली, दुसरा प्रत्येक वेळी 'घरच्यांसाठी' म्हणत राहिला.

तर्रीपोहे

पण शेवटी त्यानंही कबूल केलं ना सर! स्कायलरसमोर सरळ म्हणते का हे मी माह्यासाठी केलं, मले आवडत होतं, मी त्यात भारी होतो. तेवढ्यासाठी तरी मार्क द्या.

नंदनवन_एक्स्प्रेस

तेव्हा हँक वाळवंटात पुरलेला होता. मुलगा फोनवर 'मर एकदाचा' म्हणून झालेला. गमवायला काही उरलं नाही तेव्हाचं कबुलीपत्र. अर्धा मार्क.

धरमपेठची_मावशी

मी थोडे जास्त देईन, कारण त्या घरात ते वाक्य कोणीतरी बोलायलाच हवं होतं. स्कायलरला वर्षभर तेच ऐकवलेलं, 'तुमच्यासाठी केलं.' म्हणजे प्रत्येक मेलेल्या माणसात तिचाही वाटा. तो वाटा त्याने जाताना तिच्या डोक्यावरून उतरवला. आमच्या नात्यातल्या त्या गृहस्थांनी तेवढंही केलं नाही.

काळाकोट

बर्डीवाला, तुमच्या हिशेबातली शेवटची नोंद राहिली. स्टोअरेजमधला तो नोटांचा ढीग, मग पिंपांत भरलेले आठ कोटी, त्यातले बहुतेक गुंडांनी लुटले. शेवटी हातात ९७ लाख २० हजार डॉलर उरतात. ते तो कोणाला नेऊन देतो?

बर्डीवाला

एलियटला! आणि त्याच्या बायकोला, ग्रेचेनला. मुलगा अठरा वर्षांचा झाला की ट्रस्टमधून द्या म्हणून. हे मी इतक्यांदा पाहूनही त्या पाचव्या भागाशी जोडलं नव्हतं, लोक हो. मुलाच्या दृष्टीने ते पैसे बापाचे नाहीतच, एलियट अंकलने केलेली मदत. जी मदत पहिल्या सीझनमध्ये नाकारली तीच त्याने स्वतः रचून, त्यांना धमकावून, मुलापर्यंत पोचवली. फक्त मध्ये एवढी माणसं गेली.

वकीलसाहेब, पण हे पैसे तरी मुलाला पचतील का?

काळाकोट

आपल्याकडे असते तर अवघड. एनडीपीएसच्या पाच-अ प्रकरणात अमली धंद्यातून आलेली मालमत्ता सरकारजमा होते, आणि ती नातेवाइकांच्या किंवा साथीदारांच्या नावे फिरवली तरी सुटत नाही. एलियटला माझ्या कोर्टात साक्षीला उभं केलं तर पंधरा मिनिटांत फुटेल, चेहऱ्यावरूनच दिसतं.

तर्रीपोहे

म्हणजे ७ लाख ३७ हजारही गेले, ९७ लाखही गेले. बर्डीवाले भाऊ, आता टाका ती फाईल राइट-ऑफमध्ये. मी आज रात्री पुन्हा पहिल्या सीझनपासून लावून राहिलो. पाचव्या भागाले थांबतो का पुढं जातो, ते उद्या लिहितो.

रसायनवाला

पुढे जाशील. मीही दोनदा गेलोय.